धोंडूचं गाव शोधायचं कसं?

प्रिय सई,

तुझ्या कादंबरीतला धोंडू आईचं बोट धरून मुंबईच्या बंदरातून मॉरिशसला जातो, आणि शेवटी त्याच्या पणतीचं आडनावच 'धोंडू' असतं. "आपल्यात असं असतं का?" हा तुझा प्रश्न.

आपल्याकडे पूर्ण नाव विचारलं की तीन शब्द येतात: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदवहीत मात्र नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज असे रकाने. आडनाव कुणी विचारलंच नाही. पुढे बेटावर पोरं जन्मली, तेव्हा बापाचं किंवा आजोबाचं नावच आडनाव म्हणून चिकटलं. वेंगुर्लेकर, मालवणकर यांतलं गाव तिथेच गळालं. १८३४पासून सुमारे साडेचार लाख माणसं मॉरिशसला उतरली. पुढे पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट हा मजूर उतरवायचा तळ झाला, तेव्हापासून आलेली माणसं त्याच्या १६ पायऱ्या चढली. रत्नागिरीकडची मराठी माणसं त्यांतलीच.

आता त्या पणतीने काय करावं? आधी घरातले जुने जन्माचे, लग्नाचे दाखले काढावेत. त्यांवर पूर्वजाचा नोंदवहीतला नंबर असला तर निम्मं काम झालं, कारण नुसत्या नावावर शोधलं तर ढीगभर धोंडू निघतील. मग मॉरिशसमधल्या मोका इथली महात्मा गांधी संस्था. जुन्या नोंदवह्या तिथे आहेत.

खरी पंचाईत गावाच्या नावाशी. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत उतरवलं. त्या लिपीत ळ नाही, ड आणि द एकच. समज, तळवडेचं 'Talavade' असं लिहिलंय. वाचणारा 'तलवदे' म्हणतो आणि नकाशावर शोधत बसतो. म्हणून आधी नाव मोठ्याने म्हणायचं, ल च्या जागी ळ आणि द च्या जागी ड घालून बघायचं. बरं, तळवडे सापडलं तरी कोकणात ते एकच नाही. जिल्हाही फसवतो: सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधीचं मालवण, वेंगुर्लं रत्नागिरीतच. आणि सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान.

इथे आपली दुसरी सवय कामाला येते. "कुलदैवत कुठलं?" हे आपले म्हातारे उगाच विचारत नाहीत. घरात रवळनाथाचं किंवा सातेरीचं नाव टिकलं असेल तर आधी दक्षिण कोकण धुंडाळावं. पण रवळनाथ गावोगावी आहे. एवढ्यावरून गाव ठरवू नये, नोंदीशी ताडून बघावं.

वहीतलं वयही अंदाजाने घातलेलं असायचं, त्यामुळे दोन-तीन वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून नोंद सोडू नये. आणि धोंडूच्या आईला विसरू नकोस. तिचा नंबर वेगळा, तिच्या नावापुढे तिच्या बापाचं नाव असलं तर माहेरचा धागाही हाती लागतो.

तुझा,
बाबा