गिझरची टाकी आतून गंजू नये म्हणून एनोड रॉडची देखभाल

पाचगावात बोअरच्या पाण्यावर चालणारा आपला गिझर चौथ्याच वर्षी तळातून गळू लागला, आणि आता नवीन घेतल्यावर टाकी कशी टिकवावी, असे आपण विचारले आहे. नवीन गिझरला काचेचे अस्तर असल्याने गंजाची चिंता नाही, हे दुकानदाराचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे.

अशी टाकी मुळात पोलादाचीच असते. आतून भाजून बसवलेल्या अस्तरात, विशेषतः जोडांपाशी, सूक्ष्म छिद्रे राहतात आणि तिथे पाणी थेट पोलादाला भिडते. त्यासाठीच आत मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे एनोड रॉड, बसवलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक सहजतेने गंजत असल्यामुळे ते स्वतः झिजते आणि पोलाद वाचते. कांडी संपली तरी पाणी पूर्वीसारखेच तापत राहते, त्यामुळे टाकी गळेपर्यंत तिची आठवण कुणालाच होत नाही.

आपल्या भागातील काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त, असते. त्यातील क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि कांडी लवकर झिजते. म्हणून नळाच्या पाण्यावर दोन वर्षांनी कांडी पाहिली तरी चालेल, पण बोअरवर मी दरवर्षी पाहण्याचा आग्रह धरीन. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र, बसवल्यास एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या विजेच्या कांबीवर, क्षारांचा थर कमी साचतो, परंतु विरघळलेले क्षार सोडियमच्या रूपात पाण्यात राहतातच. त्यामुळे कांडीची तपासणी तेव्हाही टाळू नये. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारे बटण, 60 अंशांच्या आसपास ठेवावा, कारण त्यापुढे क्षार झपाट्याने साचतात आणि गंजही वेग घेतो.

बहुतेक घरगुती गिझरमध्ये कांडी एलिमेंटच्याच प्लेटवर असते, म्हणून हे काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे. मेन स्विच बंद करून, पाणी थंड झाल्यावर इनलेटचा, म्हणजे गिझरमध्ये पाणी येणाऱ्या नळीचा, कॉक बंद करावा आणि टाकी पूर्ण रिकामी करावी. तळाचा गाळही त्याच वेळी धुऊन काढावा. कांडी निम्म्याहून अधिक झिजली असेल किंवा आतली तार दिसू लागली असेल तर ती बदलावी. प्लेट परत बसवताना गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी चकती, नवीनच घालावे, आणि गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत स्विच चालू करू नये, नाहीतर कोरडे एलिमेंट जळून जाते.