सी मेजरचेच सूर डीपासून वाजवले की त्याला डोरियन मोड म्हणतात. मग स्केल आणि मोड यांत नवीन काय? आणि गिटारवर मोड वापरायचे कसे?

नवीन असतो तो सा. सुरुवात कुठून केली याला काडीची किंमत नाही, कान कुठल्या सुराला घर मानतो ते बघायचं. क्लासमध्ये सात मोडची नावं पाठ करून घेतात आणि डीपासून डीपर्यंत बोटं फिरवायला लावतात, ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

माझे धाकटे दीर असेच शिकले. गणपतीत आमच्या नौपाड्यातल्या घरी आरतीनंतर गाणंबजावणं चालतं. एका वर्षी त्यांनी गिटारवर डोरियन ऐकवला. शेजारी त्यांचा मित्र सी मेजरची कॉर्ड धरून बसलेला. मी म्हटलं, "भावोजी, हा बिलावलच झाला, म्हणजे तुमचं मेजरच. तुम्ही रिषभापासून निघालात एवढंच." त्यांना ते लागलं. मग मी मित्राला थांबवलं, मोबाइलवर पांढरी दोनचा, म्हणजे डीचा, तानपुरा लावला आणि तेच पुन्हा वाजवायला सांगितलं. बोटं तीच, पण गंधार आणि निषाद कोमल ऐकू यायला लागले. काफी! खोलीतल्या सगळ्यांना कळलं. भावोजी म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुमचे राग म्हणजे आमचे मोडच की. उगाच अवघड करून ठेवलंय तुम्ही लोकांनी."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही.

मोड म्हणजे थाट, रागांचा सात सुरांचा साचा, म्हणा, मला चालेल. पेटीवर फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या. पांढरी एक (सी) सा धरली तर बिलावल, दोन काफी, तीन भैरवी, चार कल्याण, पाच खमाज, सहा आसावरी. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा असे निघतात. सातवीवर लोक्रियन मोड येतो, पण तिथे शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून आपल्याकडे त्याचा थाट नाही. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी या पट्ट्यांवर सापडणारच नाहीत. आपल्याकडे या सा बदलण्याला मूर्च्छना म्हणतात. काळ्या पट्ट्यांवर तर ती आणखी गोड लागते. काळी तीन सा धरली की भूप राग, चार धरली की मध्यमाद सारंगाचे सूर, पाचला मालकंस, एकला दुर्गा, दोनला धानी.

पण राग इथे संपत नाही, सुरू होतो. भूप आणि देशकार घ्या. सूर तेच पाच, सासुद्धा तोच. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, देशकारात धैवत. भूप संध्याकाळनंतरचा, देशकार सकाळचा, आणि त्याचा सगळा जोर उत्तरांगात, सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. भूप गाताना धैवतावर जास्त रेंगाळलात की बैठकीतले जुने श्रोते माना वर करतात. मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तसंच, सूर एक आणि तीन वेगळे राग. कुठला मोड हे वेगळेपण सांगतो? हे मी भावोजींना त्याच रात्री गाऊन दाखवलं. "सूर तेच, तर फरक तुमच्या मनात," असं म्हणून ते जेवायला उठले.

तुमच्या गिटारबद्दल. डी मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्ड आलटूनपालटून वाजवत ठेवा, वर पांढऱ्या पट्ट्यांचे सूर घ्या, डीवर येऊन थांबा. डोरियन आपोआप ऐकू येईल. बाकीच्या मोडचंही असंच, आधी सा घट्ट धरायचा. एक मात्र खरं, पेटी आणि गिटारचे सूर ठरलेले असतात, गळ्यातले कोमल स्वर रागागणिक थोडे वरखाली सरकतात, त्यामुळे वरची जुळणी ढोबळच समजा. आणि प्रत्यक्षात भैरवी गाताना बाराही सूर लावतात, ते भैरवी थाटाशी जुळणाऱ्या फ्रिजियन मोडमध्ये मावणार नाही.

मोड म्हणजेच राग असं कुणी तुम्हाला शिकवलं असेल, तर त्यांना तानपुऱ्यावर आधी भूप आणि लगेच देशकार गायला सांगा. भावोजींना मी दर गणपतीत सांगते. अजून गायलेले नाहीत.