13 वर्षांच्या मुलीची आखूड करंगळी आता वाकायला लागली आहे. ऑपरेशन करावं का?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, माझ्याकडे बहुतेक हाताचेच पेशंट येतात. तुम्ही लिहिलंय की करंगळी जन्मापासून आखूड होती आणि वर्षभरात ती मधल्या सांध्यात वाकली, आता पूर्ण सरळ होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घाई फक्त दुसरीची आहे.

मधल्या पेराचं हाड लहान राहिलं की करंगळी आखूड दिसते. हे बऱ्याचदा घराण्यातूनच येतं, तुम्हा दोघांच्या नातेवाइकांची बोटं बघा. त्याने पकड सहसा बिघडत नाही.

वाकण्यामागे बहुधा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा असतो. बोट मिटणारा टेंडन मुळातच तोकडा असला, की या वयात हाडं भराभर वाढतात आणि तो मागे पडतो. घरीच बघा: तिचं मनगट तळहाताच्या बाजूला वाकवा आणि करंगळी सरळ करायला सांगा. आधीपेक्षा जास्त सरळ झाली, तर ओढ टेंडनची आहे, सांधा अजून मोकळा आहे. काहीच फरक पडला नाही, तर सांधाही आखडलाय, हँड सर्जनकडे लवकर जा.

सांधा मोकळा असेल तर रात्री स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारा आधार) आणि दिवसातून काही वेळा हलक्या हाताने ताण. बोट सुधारेल तसा आम्ही स्प्लिंट गरम करून थोडा थोडा सरळ करत नेतो. हे वाढ थांबेपर्यंत चालतं. मुली मे महिन्याच्या सुट्टीत कंटाळून स्प्लिंट काढून ठेवतात आणि जूनमध्ये बोट पुन्हा वाकलेलं असतं, तेवढं सांभाळा. मालिशवाल्याकडून खेचून मात्र अजिबात घेऊ नका.

साधारण 30 अंशांपर्यंतच्या वाकण्याला मी ऑपरेशन सुचवत नाही. ऑपरेशननंतर कधी कधी बोट सरळ होतं, पण मूठ नीट वळत नाही. आणि हाड लांबवायचं तर आता नकोच, त्याने हाच टेंडन आणखी ताणला जाईल.

एक तपासणी राहू देऊ नका. तिला मूठ वळायला सांगा. अनामिकेच्या किंवा करंगळीच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा दिसला, तर तळहातातलं हाडही आखूड असू शकतं. मग बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातलं कॅल्शियम आणि ते सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्या. उंची खुंटली असेल तर टर्नर सिंड्रोमबद्दलही (मुलींमधला जन्मजात गुणसूत्रांचा दोष) विचारा.