मूठ कुणाच्या हातात

प्रिय,

तू काढलेल्या कृष्णवर्णीयांच्या फोटोंच्या बारा प्रिंट्स दोन दिवस टेबलावर मांडून बसले होते. मेहनत दिसते. पण बाराही जणांच्या मुठी आवळलेल्या, भुवया ताणलेल्या, नजर रोखलेली. 'राग आठवा' असं तू त्यांना सांगितलंस, हे तूच लिहिलं आहेस. मग हा राग त्यांचा की तुझा, हे मला कळेना.

१९४२ साली छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स वॉशिंग्टनला आले. दुकानात, हॉटेलात, सिनेमाच्या दारात, कृष्णवर्णीय म्हणून सगळीकडून त्यांना परतवलं. संतापून ते सरकारी छायाचित्र विभागात आले, तेव्हा त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांनी सुचवलं, इथे झाडलोट करणाऱ्या बाईंशी बोला. एला वॉटसन त्यांचं नाव. पार्क्सनी त्यांचं आयुष्य ऐकून घेतलं आणि त्यांना अमेरिकी झेंड्यासमोर उभं केलं, झाडू आणि पोछा सोबत देऊन. तो फोटो जगभर गेला. पुढे पार्क्स स्वतःच म्हणाले की त्यात आपण जरा अतिच केलं. मलाही त्या फोटोत राग जास्त पार्क्सचाच वाटतो. त्यात खोटं काही नाही, तो दिवस त्यांनी भोगला होता. पण ते तिथे थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे ते वॉटसनबाईंच्या घरी गेले, चर्चमध्ये गेले, नातवंडांसोबत त्यांना बघितलं. त्या फोटोंमधली बाई थकलेली आहे, देवभोळी आहे, कर्ती आहे. तुझ्या बारा जणांच्या घरी अजून कुणी गेलेलं नाही.

समोरच्या माणसाने स्वतःचा चेहरा ठरवणं ही नवी गोष्ट नाही. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १६० च्या आसपास फोटो आज ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत इतके कुणाचेच नाहीत. बहुतेक फोटोंत ते हसत नाहीत. गुलाम सुखात आहे असं दाखवणारं हसू त्यांना द्यायचंच नव्हतं. त्याच काळात, १८५० साली, दक्षिण कॅरोलायनात रेन्टी आणि त्यांची मुलगी डेलिया या गुलामीतल्या दोघांना कपडे उतरवून 'वंशाच्या अभ्यासा'साठी कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं. यंत्र तेच. आपण हातात घेतो ते यंत्र ही दोन्ही कामं करून आलेलं आहे.

आता माझं सांगते. शिकागोत फोटो काढायच्या माझ्या सुरुवातीच्या बैठकींत एका कृष्णवर्णीय आजींनी मला विचारलं, "तुमच्याकडे कोण कुणाला दाराबाहेर ठेवतं?" मी पुस्तकी बोलले. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली, १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरचं नाव इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आलं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या घरी?"

आमच्या घरी मागच्या पडवीत वळचणीला एक कपबशी खोचलेली असायची. शेतावरच्या गड्याला त्यातच चहा. तो विसळून परत तिथेच ठेवायचा. आणि मी, सात-आठ वर्षांची, किटलीची तोटी कपाला लागू नये म्हणून उंचावरून चहा ओतायचे. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज गेला. आजींनी मला जवळबिवळ घेतलं नाही. "आता तुम्ही इथे बसा," म्हणाल्या आणि माझा फोटो काढला. मग स्वतः बसल्या. हे युक्ती म्हणून वापरू नकोस. आपण रडलो म्हणून समोरच्याने जखम उघडी करावी, असा सौदा नसतो.

कॅमेऱ्याची केबल मी त्यांच्या हातात दिली होती. वीस फुटांची रबरी नळी, टोकाला फुगा. दाबला की शटर पडतं. मला वाटलं होतं, त्या ताठ बसतील, कॅमेऱ्याला जाब विचारतील. त्यांनी गेलेल्या नवऱ्याचा कोट मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने मूठ दाबली. तेवढा एकच फोटो त्यांनी ठेवू दिला. बाकीचे नष्ट केले.

तूही फोटो पुसायला तयार राहा. कृष्णवर्णीय तरुणाचा रागावलेला चेहरा इथे धोका म्हणून वाचला जातो, त्याची नोकरी जाऊ शकते, याहून वाईटही होऊ शकतं. ती किंमत तू मोजणार नाहीस. म्हणून निवड दोघांनी शेजारी बसून करा. फोटो कुठे लागेल, कुठे छापला जाईल ते कागदावर लिहून द्या, आणि वर्षाने नको म्हटलं तरी काढून घेईन, हेही. एक प्रिंट त्यांची.

उजेडाबद्दल थोडंसं. फिल्मचे रंग जुळवायला कोडॅकच्या कार्डावर वर्षानुवर्षं गोरी बाईच असायची. शर्ली कार्ड म्हणत त्याला. उजेड मोजणारं मीटरही सगळ्याला मधला करडा समजतं, त्यामुळे पांढऱ्या भिंतीसमोर चेहरा काळवंडतो आणि काळ्या पडद्यासमोर धुवट होतो. चेहऱ्याजवळ मीटर धरून पडणारा उजेड मोज. गडद त्वचेवर चेहऱ्याची ठेवण चकाकीतून उमटते, तेव्हा उजेड मोठा, मऊ आणि बाजूने असू दे. नंतर त्वचा उजळवू नकोस.

त्या बारा जणांकडे परत जा. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच असू दे. माझी फुग्याची केबल तुझ्या डिजिटलला बसणार नाही. वायरवाला रिमोट घे, लांबातला लांब मिळेल तो. वायर फोटोत दिसली तर दिसू दे.

तुझी,
ताई