लग्नाच्या वाढदिवसाला नाशिकमधील नव्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे का?

आपण विचारले आहे की, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला पत्नीला गंगापूर रोडवर नुकत्याच उघडलेल्या रेस्टॉरंटमध्ये न्यावे, की दरवर्षी जातो त्याच ठरलेल्या ठिकाणी जावे. आणि नव्या ठिकाणी जायचे झाल्यास काय काळजी घ्यावी. माझ्या मते नव्या ठिकाणी अवश्य जावे, मात्र ते उघडून निदान दोन महिने झालेले असावेत.

नव्या जागेचा आग्रह मी एकाच कारणासाठी धरतो. ओळखीच्या हॉटेलात आपण बसतो न बसतो तोच वेटर ‘नेहमीचेच ना?’ असे विचारतो, आपण मान डोलावतो आणि तासाभरात जेवण आटोपते. तेवढ्या वेळात मुलांच्या शाळेची फी आणि सोसायटीची मीटिंग यांपलीकडे बोलणे गेलेले नसते. नव्या ठिकाणी मात्र दोघांनाही मेनूकार्ड वाचावे लागते, एकमेकांना विचारावे लागते, थोडी घासाघीस करावी लागते. गेल्या वर्षी अशाच एका नव्या ठिकाणी माझ्या पत्नीने पनीर बाजूला ठेवून कोळंबी मागवली. मी शाकाहारी असल्यामुळे, दोघांना मिळून खाता यावे म्हणून ती इतकी वर्षे पनीर मागवत आली होती, हे त्या संध्याकाळी बोलता बोलता निघाले. जुन्या टेबलावर हा विषय निघण्याचे काही कारणच नव्हते.

आता दोन महिन्यांच्या अटीविषयी. रेस्टॉरंट उघडल्यानंतरचे पहिले काही आठवडे तेथे मालकाचे नातेवाईक, मित्रमंडळी आणि फोटो काढायला आलेले लोक यांचीच गर्दी असते. स्वयंपाकघरातील माणसे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली असतात, त्यांचे हात एकमेकांना जुळलेले नसतात आणि त्यांतील काही जण महिन्याभरात सोडूनही जातात. कॉलेज रोडवरील एका नव्याकोऱ्या ठिकाणी आम्हांला सूप, स्टार्टर आणि नान एकाच वेळी टेबलावर मिळाले होते. पदार्थ चवीला वाईट नव्हते, परंतु सूप संपेपर्यंत नान चामट झाला होता. मद्य देणारे ठिकाण असेल तर परवाना अद्याप हाती आलेला नाही, हेही सुरुवातीच्या काळात पुष्कळदा ऐकावे लागते. याच कारणाने, इंटरनेटवरील अभिप्राय वाचताना उद्घाटनाच्या आठवड्यातील स्तुती वगळावी आणि अलीकडचे अभिप्राय, विशेषतः आठवड्याच्या मधल्या वारी जेवून आलेल्यांचे, वाचावेत.

मेनूकार्ड फार जाड असेल तर मी सावध होतो. ज्या ठिकाणी साठ-सत्तर भाज्या लिहिलेल्या असतात, तेथे त्या साधारणपणे तीन-चार ग्रेव्हींमधून निघतात: टोमॅटोची लाल, काजू-कांद्याची पांढरी, पालकाची हिरवी आणि कांदा-टोमॅटो परतून केलेली तपकिरी. या ग्रेव्ही आधीच तयार करून ठेवलेल्या असतात आणि ऑर्डर आल्यावर त्यांत पनीर, मशरूम किंवा मिक्स भाजी पडते. यात फसवणूक काही नाही; एवढ्या गर्दीत वेळेवर जेवण देण्याचा तो एक मार्ग आहे. परंतु दोन वेगळ्या नावांच्या भाज्या मागवून दोन्ही एकाच चवीच्या निघाल्या की विशेष दिवशी हिरमोड होतो. म्हणून दोघांसाठी एक ग्रेव्हीची भाजी, एक सुकी किंवा तव्यावरची आणि एक तंदूरची वस्तू एवढे पुरेसे आहे. तंदूर पूर्ण तापायला वेळ लागतो, त्यामुळे दार उघडल्याबरोबर सात वाजता जाण्यापेक्षा आठच्या सुमारास पोहोचल्यास रोट्या चांगल्या मिळतात. साडेनऊनंतर पहिल्या फेरीची टेबले रिकामी होऊन दुसरी फेरी बसते, तेव्हा स्वयंपाकघरावर ताण असतो.

दिवस कोणता निवडावा, याचा विचार नाशिकमध्ये वेगळ्याने करावा लागतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी गंगापूर धरणाच्या परिसरातील वाइनरी पाहून रात्रीच्या जेवणाला गंगापूर रोडवरच उतरतात. द्राक्षतोडणीच्या म्हणजे जानेवारी ते मार्चच्या हंगामात तर टेबलासाठी दाराबाहेर ताटकळावे लागते. आपली तारीख शनिवारी येत असेल तर सरळ मंगळवारी किंवा बुधवारी जावे. आपल्याकडे अनेक घरांत वाढदिवस तिथीने एकदा आणि तारखेने एकदा होतो, तेव्हा चार दिवस मागेपुढे झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. दिनदर्शिका मात्र जरूर पाहावी. श्रावण असेल आणि पत्नी सामिष वर्ज्य करत असेल तर त्यानुसार ठिकाण निवडावे. संकष्टी असेल तर चंद्रोदय बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो, आणि आठचे टेबल घेऊन तिला समोर बसवून आपण सूप पिणे हे कोणत्याही वाढदिवसाला शोभणारे नाही.

टेबल फोन करूनच राखून ठेवावे आणि फोनवर जागेविषयी नेमके विचारावे. स्वयंपाकघराचे दार, एसीचा झोत आणि गाणाऱ्याचा स्पीकर या तिन्हींपासून दूर जागा हवी, असे स्पष्ट सांगितलेले बरे. थेट गाणे असलेल्या ठिकाणी पहिल्या ओळीतील टेबल सन्मानाचे म्हणून देतात आणि मग समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. बागेतील बैठक छायाचित्रांत सुरेख दिसते, पण नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो आणि पावसाळ्यात डास असतात. बागेचा खरा आनंद ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, किंवा उन्हाळ्यात दिवस तापून गेल्यावर येणाऱ्या वाऱ्यात मिळतो.

वाढदिवस आहे हे हॉटेलला सांगावे की नाही, हा आपला प्रश्न नव्हता, तरीही सांगतो: पत्नीला विचारून ठरवावे. सांगितले की बहुतेक ठिकाणी दिवे मंद करतात, मोठ्याने गाणे लावतात आणि चार वेटर टाळ्या वाजवत केक आणतात. काहींना ते मनापासून आवडते. आमच्या घरी केक आणि औक्षण संध्याकाळी मुले आणि आई-बाबा यांच्यासह होते, त्यांचा आनंद तेथे पुरा होतो, आणि मग रात्री दोघांनीच बाहेर पडण्यावर कोणी नाराजही होत नाही.

वाइन घ्यायची असल्यास नाशिकमध्ये निवड करणे सोपे आहे. आपल्या मसालेदार जेवणाबरोबर कोरड्या लाल वाइनपेक्षा शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर पांढरी वाइन अधिक जुळते, कारण तिखटावर तो गोडवा उतारा देतो. पूर्ण बाटली जड वाटल्यास ग्लासवर मिळते का ते विचारावे. गाडी आपण चालवणार असाल तर एवढे लक्षात असू द्यावे की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या रात्री रिक्षा किंवा कॅब करावी.

शेवटी बिल. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी असतो. मोठ्या तारांकित हॉटेलच्या आवारातील रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो, तेव्हा अशा ठिकाणी मेनूतील दर पाहतानाच ही वाढ मनात धरावी. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, म्हणून एकाच बिलावर दोन प्रकारचे कर दिसले तर गोंधळू नये. सर्व्हिस चार्ज मात्र वेगळी गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तो लावलेला दिसल्यास काढून द्यायला शांतपणे सांगावे, बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. नकार दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र ही चर्चा काउंटरवर जाऊन करावी, पत्नीसमोर टेबलावर नव्हे, आणि ज्या मुलाने आपल्याला नीट वाढले असेल त्याच्या हातात टीप रोख द्यावी.