वाचकांचे प्रश्न : भुताला बक्षीस द्यावं का?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयानं यंदापासून बालकादंबरीला पाच हजाराचं बक्षीस ठेवलंय. 19 कादंबऱ्या आल्या, आम्ही तिघं परीक्षक. दोघांना आजोबा अन् नातवाची एक संस्कारक्षम कादंबरी पसंत आहे, मला पडक्या वाड्यातल्या भुताची आवडली, लेकरं पण तीच मागून नेतात. दोघं म्हणतात भुताला बक्षीस दिलं तर गाव हसंल. काय करावं? (सचिव, वाचनालय, ता. केज)

उत्तर : सचिव साहेब, आधी एक सांगा, त्या दोघांनी आजोबांची कादंबरी शेवटपर्यंत वाचलीय का? राग मानू नका, मी स्वतः हे पाप केलेलं आहे. एका वर्षी परीक्षक होतो, पुस्तकांचा गठ्ठा महिनाभर दिवाणाखाली पडून राहिला अन् शेवटच्या दोन दिवसांत काही पुस्तकांना निस्ता मागचा मजकूर वाचून मार्क टाकले. अजून आठवलं की लाज वाटते.

आता तुमचा वाद. अमेरिकेत न्यूबेरी मेडल म्हणून बक्षीस आहे, 1922 पासून देतात, बालपुस्तकांसाठीचं जगातलं पहिलं. त्यांच्या नियमातच लिहिलंय की हे बक्षीस उपदेशासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. म्हणजे त्या दोघांचा संस्कार गेला अन् तुमचं 'लेकरांना आवडली' हे पण गेलं, दोघंही बाद! मग उरतं काय तर गोष्ट कशी रचलीय, माणसं खरी वाटतात का, भाषा कशी चाललीय.

मी एकच गोष्ट आधी बघतो, अडचणीची वेळ आली की पुस्तकात निर्णय कोण घेतं. आपल्याकडच्या लै कादंबऱ्यांत पोरगं पंधरा प्रकरणं धडपडतं अन् सोळाव्यात आजोबा किंवा गुरुजी येऊन दोन पानांचं भाषण देतात, पोरगं रडतं, पाया पडतं, संपलं. तुमच्या आजोबावाल्या पुस्तकात नातू स्वतःहून काही करत असंल, चुकत असंल, त्याची किंमत मोजत असंल तर खुशाल त्याला द्या. आणि भुताच्या पुस्तकात शेवटी फौजदार येऊन सगळं उलगडून सांगत असंल तर रोग तोच आहे, फक्त आजोबांच्या जागी खाकी आली.

दुसरं म्हणजे मोठ्यानं वाचा, लेकरांसमोर. मी एकदा सहावीच्या वर्गात ऊसतोड कामगारांच्या मुलावरची कादंबरी वाचत होतो, मला स्वतःला ती फार भावली होती, डोळ्यात पाणी वगैरे. त्यात कुटुंब गुढीपाडव्याला बैलगाडीत संसार भरून कारखान्याला निघतं. मागच्या बेंचवरनं एक पोरगी म्हणली, "सर, पाडव्याला तर आमी माघारी येतो." वर्ग हसला. दसरा-दिवाळीला कोयता, म्हणजे ऊसतोडीची माणसं, निघतो हे बीडच्या कुठल्याही लेकराला माहिती, लेखकाला नव्हतं अन् मला माहिती असून वाचताना खटकलं नव्हतं, कारण मी रडण्यात गुंग होतो. त्यानंतर ते पुस्तक पुन्हा बघितलं तर सगळंच तसं निघालं, ऐकीव.

पण लेकरांची मतं मोजून बक्षीस देऊ नका. ब्रिटनमध्ये कार्नेगी मेडल 1936 पासून आहे, तिथं परीक्षक ग्रंथपाल असतात, आणि त्याच वेळी देशभर पोरांचे गट तीच शॉर्टलिस्ट वाचून आपापली निवड ठरवतात. तुम्ही पण पाचशे रुपयांचं 'लेकरांचं बक्षीस' वेगळं ठेवा, भुताला तिथं तरी कोणी अडवणार नाही.

प्रश्न : आम्हाला गुणपत्रक दिलंय. भाषा 20, कथानक 20, पात्रं 20, मूल्यसंस्कार 20, मुखपृष्ठ व छपाई 20. ही पद्धत बरोबर वाटते का? (शिक्षिका, उदगीर)

उत्तर : नाही ताई. मुखपृष्ठाला कथानकाइतके मार्क कोणी ठेवले त्याला एकदा भेटायचंय मला! बेरीज करून बघा, सगळीकडं 14 घेणाऱ्या बेचव पुस्तकाचे 70 होतात. आणि भाषा, कथानक, पात्रं तिन्हीत 19 घेणारं झकास पुस्तक संस्कारात 8 अन् फिकट छपाईत 3 मिळून 68 वर अडकतं. बेरजेत कुणालाच न खटकणारं पुस्तक जिंकतं. गुणपत्रक पहिल्या चाळणीपुरतं वापरा, आलेल्या पुस्तकांतली चार निवडायला. शेवटच्या चारांवर समोरासमोर बसून भांडा, चहा ठेवा, अन् ज्याला जे पुस्तक हवंय त्यानं त्यातलं एक पान वाचून दाखवायचं.

प्रश्न : माझ्या बालकादंबरीत पोरं 'कामून', 'हाव', 'मनला' असं बोलतात. परीक्षकांनी शेरा दिला, भाषा अशुद्ध. आपल्या भागातल्या बालसाहित्याला वर कोणी विचारतं तरी का? (लेखक, नांदेड)

उत्तर : तुमच्याच गावचं उदाहरण घ्या की. साहित्य अकादमीचा मराठीतला बालसाहित्य पुरस्कार 2025 मध्ये नांदेडच्या डॉ. सुरेश सावंतांना मिळाला, कवितेसाठी. त्याच्या आदल्या वर्षी भारत सासणेंना, ते जालन्यात जन्मलेले, आणि ती तर कादंबरीच होती, 'समशेर आणि भूतबंगला'. (केजचे सचिव, भूतबंगला! दाखवा त्या दोघांना.)

शेऱ्याचं म्हणाल तर परीक्षक चुकले. हदगावचं पोरगं 'कामून' नाही म्हणणार तर काय 'कशासाठी बरे' म्हणणार? फक्त एक तपासा, सगळी पात्रं एकसारखीच बोलतात का. आजी, मास्तर अन् शहरातनं आलेला मामेभाऊ तिघंही तसंच बोलत असतील तर ती बोली नाही राहिली, फोडणी झाली.

प्रश्न : एकही कादंबरी लायक नसली तर? जाहिरात तर देऊन बसलोय. (नाव नको, परभणी)

उत्तर : देऊ नका. कार्नेगीवाल्यांनी 1943, 1945 आणि 1966 ला कुणालाच दिलं नव्हतं. पुढच्या जाहिरातीत मात्र 'योग्य पुस्तक नसल्यास पुरस्कार दिला जाणार नाही' ही ओळ आधीच टाका, नाहीतर प्रकाशक फोन करून करून जीव खातात.