दुसऱ्या कार्डाची घाई नको

प्रिय लेकी,

तुझा मेसेज मिळाला. पहिलं क्रेडिट कार्ड येऊन चार महिने झालेत, आता त्याच बँकेचं रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखं आपलं देशी नेटवर्क) कार्ड हवंय आणि अर्ज आत्ता करू की थांबू, असं विचारतेस. थांब. किती महिने, हे मात्र मी सांगणार नाही. अर्जाच्या दिवशी बँकेला तुझं खातं कसं दिसतं, यावर सगळं ठरतं.

रुपे कशाला हवं, ते तुझं कारण चोख आहे. व्हिसा-मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येत नाही, रुपेचं येतं; रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ती सोय करून दिली. वाण्याकडे, केमिस्टकडे क्यूआर स्कॅन केला की पैसे क्रेडिट कार्डातून जातात. रूममेटला किंवा घरमालकाच्या खाजगी नंबरवर ते जाणार नाहीत, फक्त दुकानदाराला. पण ‘लिमिटही वाढेल’ असं जे तू जाता जाता लिहिलंयस, तिथे मी अडले. पुष्कळ बँकांमध्ये एकाच ग्राहकाच्या दोन कार्डांना मिळून एकच लिमिट असतं. तुझे साठ हजार साठच राहायचे आणि वर दुसऱ्या कार्डाची वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी. लिमिटच हवं असेल तर लिमिट माग. यूपीआयच हवं असेल तर आहे तेच कार्ड रुपेमध्ये बदलून मिळतं का, हे कस्टमर केअरला आधी विचार. एवढ्यावर काम भागलं तर नवा अर्जच नको.

नाही भागलं, तर आता बँकेच्या खुर्चीत बसून बघ. परक्या बँकेला तुझा सिबिल रिपोर्ट दिसतो, म्हणजे कर्जं आणि कार्डाची बिलं तू कशी फेडलीस याची नोंद आणि त्यावरून काढलेला स्कोअर. तुझ्या बँकेला त्याशिवाय घरातलंही दिसतं: पगार कधी पडतो, आठवड्यात किती उरतो, एखादा हप्ता बाउन्स झालाय का, बिल पूर्ण भरतेस की मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरून बाकीचं पुढे ढकलतेस. मी कार्ड विभागात होते तेव्हा स्कोअरच्या आकड्याआधी माझी नजर या गोष्टींवर जायची. चार महिन्यांत जेमतेम तीन-चार बिलं निघतात. त्यावरून माणूस काय कळणार? त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्डांच्या येणे रकमेवरचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे तुझ्या बाकीमागे बँकेला जास्त भांडवल अडकवावं लागतं. नवख्या ग्राहकाला ती दोनदा निरखणारच.

आणि आत्ताच का नको, याचं खरं कारण तुझ्याच मेसेजमध्ये आहे. गेल्या महिन्यात तू ४८ हजारांचा लॅपटॉप कार्डावर घेतलास. बिल वेळेत पूर्ण भरशील, व्याज एक रुपया लागणार नाही, मान्य. पण भरण्याआधी ज्या तारखेची बाकी सिबिलकडे गेली, त्या दिवशी तुझं कार्ड ८० टक्के भरलेलं दिसलं. तू पैसे नंतर भरणार आहेस, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. बिल निघायच्या दोन-तीन दिवस आधीच चाळीस हजार भरून टाकले असतेस, तर बिल आठ हजारांचं आलं असतं आणि वापर १३ टक्क्यांच्या आसपास. खर्च तोच, पैसे तेच, फक्त भरायचा दिवस अलीकडे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. आधी महिन्यातून एकदाच जायची. त्यामुळे सुधारणाही आता लवकर दिसते. अर्जाआधी दोन-तीन बिलं अशी हलकी जाऊ दे.

एप्रिलमध्ये पगारवाढ आहे ना? मग वाढीव पगाराची स्लिप हातात येऊ दे, तो पगार खात्यात एक-दोनदा पडू दे, बँकेत उत्पन्न अपडेट करून घे आणि मग अर्ज कर. जुन्या स्लिपवर आज अर्ज करून महिन्याभराने पगार वाढणं, याच्यासारखा वेडेपणा नाही. नोकरी बदलायचा विचार असेल तर अर्ज बदलाआधी तरी कर, नाहीतर नव्या ठिकाणी कन्फर्म झाल्यावर.

मॉलमध्ये टेबल टाकून बसलेली मुलं ‘मॅडम, आजच्या आज अप्रूव्हल’ म्हणतील. त्यांचं महिनाअखेरीचं टार्गेट असतं, त्यांच्यावर रागावू नकोस. सही मात्र करू नकोस. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणून ऑफर आली तर गोष्ट वेगळी. ती बँकेने तुझं खातं बघून दिलेली असते, आणि एकाच बँकेत राहण्याचा मोठा फायदा तोच. तरी टिक करण्याआधी सिबिल रिपोर्ट काढायची संमती त्यात आहे का, ते वाच. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी, म्हणजे बँकेने तुझा रिपोर्ट मागवल्याची नोंद, रिपोर्टवर तारखेसकट उमटते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. आईबाबा पुढच्या वर्षी फ्लॅट बघणार आहेत आणि होम लोनमध्ये तुझंही नाव असणार आहे, असं तुझी आईच म्हणाली. तसं असेल तर लोन हातात पडेपर्यंत कार्डाचा विषयच काढू नकोस. यूपीआयला बचत खातं आहे की.

नकार आला तर लगेच दुसऱ्या बँकेत धावू नकोस. नकाराचं नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, ते मागून घे. कार्ड आलं आणि मन बदललं, तर ते सुरूच करू नकोस: ३० दिवसांत सुरू न केलेल्या कार्डासाठी बँकेला तुझ्याकडून ओटीपीने संमती घ्यावी लागते, ती दिली नाहीस तर सात कामकाजाच्या दिवसांत फुकट बंद करावं लागतं. नवं कार्ड आल्यावर जुनं कपाटात टाकू नकोस. वर्षभरापेक्षा जास्त काळ वापरलं नाही तर बँक नोटीस देऊन ते बंद करू शकते, आणि तुझा सगळ्यात जुना इतिहास त्याच कार्डावर आहे. मोबाइलचं रिचार्ज त्यावर लावून ठेव.

तूर्त एवढंच कर: सिबिलच्या साइटवरून वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्ट काढ. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात तुझ्या कार्डाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन दिसतील, बिल किती दिवस थकलं ते त्यात असतं. सगळीकडे ०००, किंवा काही बँका लिहितात तसं एसटीडी, असायला हवं. वेगळं काही दिसलं, किंवा तू न केलेली एन्क्वायरी दिसली, तर मला पाठव. पाठवताना पॅन आणि जन्मतारीख झाकून पाठव, व्हॉट्सअ‍ॅपचा काही भरवसा नाही.

तुझी,
मावशी